दुसरं बघणारं माणूस

कौलं परत आली तेव्हा मी पोटरीपर्यंत चिखलात उभी होते. माती तुडवायचं काम सकाळीच उरकावं लागतं. ऊन चढलं की चिखल वरून सुकतो, खालून चिकटतो, आणि पाय उपसता उपसता कंबर निघून येते. छपरं शाकारणारा माणूस डोक्यावर पाटी घेऊन फाटकातून आला आणि माझ्याकडे न बघता सरळ आमच्या यांच्यापुढे जाऊन त्यानं ती ओतली. पाटीत कौलं नव्हती, तुकडे होते.

"छपरावर चढलो तर पायाखाली बिस्किटासारखी मोडली," तो म्हणाला. "मांडीपर्यंत आत गेलो. हे बघा." त्यानं पायजमा वर केला. नडगी सोलून निघाली होती.

यांनी एक मोठा तुकडा उचलला आणि बोटाच्या पेरानं वाजवला. भाजलेलं कौल खणकन वाजतं. हा भद्द वाजला.

"यंदा खाण बदलली ना," हे म्हणाले. "ती माती भिकार आहे."

"माती असो नाहीतर काही असो, वीस वर्षं तुमचीच कौलं घातली. आता लोक मला शिव्या देतात." तो थोडा घुटमळला. "एवढी पुढची भट्टी बघतो. नाहीतर माझा नाइलाज आहे."

हंगामातली ही तिसरी भट्टी कच्ची गेली होती. पावसाळ्यापूर्वी एकच उरली होती. शाकारणारे एकदा दुसऱ्या कारखान्याकडे वळले की परत येत नाहीत, हे शेजारच्या आवाराकडे बघून आम्हाला माहीत होतं. तिथं आता गवत आहे आणि एक गाढव आहे.

तो गेल्यावर यांनी मातीच्या नावानं खडे फोडले, लाकूड ओलं होतं म्हणून लाकूडवाल्याच्या नावानं फोडले, वाऱ्यालाही सोडलं नाही. मी चिखल तुडवत राहिले. मला माहीत होतं की माती बरी आहे. कशानं बिघडतंय तेही मला माहीत होतं, आणि मी मूग गिळून बसले होते.

आमच्याकडे आग मोजायचं यंत्र नाही. भट्टीच्या पोटाला वीतभर झरोका आहे, त्याला विटेचं बूच. बूच काढायचं, आत बघायचं. आधी काळसर, मग लाल, मग केशरी, आणि केशरी उजळून पिवळ्याकडे झुकला की रंग पिकला. रंग पिकला की लाकूड बंद करायचं आणि भट्टीची तोंडं लिंपून टाकायची. सासऱ्यांनी नियम घालून दिला होता की रंग दोघांनी बघायचा. एकानं पिकला म्हटलं तरी दुसऱ्यानं बघून हो म्हटल्याशिवाय चिखलाला हात लावायचा नाही. सासरे पहिले बघायचे, सासूबाई दुसऱ्या. दोघांची झरोक्यापाशी अशी जुंपायची की रस्त्यावरची माणसं थांबायची. ते गेले, त्या गेल्या. आता हे पहिले आणि मी दुसरी.

पहिल्याच वर्षी यांनी पिकला म्हटलं आणि मी म्हटलं, अजून नाही. दोन तास जास्त जाळलं, आणि सगळी कौलं वाकडी निघाली. अकरा वर्षं झाली त्याला. अजून कोणी पाहुणा आला की हे ती गोष्ट सांगतात. "आमच्या हिनं एकदा भट्टीचे पापड केले," असं म्हणून हसतात. पाहुणेही हसतात, मी चहा देते. तेव्हापासून मी झरोक्यात डोकावते, हो म्हणते आणि बाजूला होते. यंदा तिन्ही वेळा हे पिकला म्हणाले तेव्हा आत लालभडक होतं. तिन्ही वेळा मी हो म्हटलं.

हे खोटं बोलत नव्हते. यांना तसंच दिसत होतं. गेल्या वर्षापासून चहा कपाबाहेर ओततात, वाळत घातलेल्या कौलांवर पाय देतात आणि वर मलाच विचारतात, ही इथं कोणी मांडली. डोळ्यांना ऊन लागलंय म्हणतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की नाकाला मिरच्या झोंबतात. "ज्याच्या नजरेवर हे आवार चालतं त्याला तू आंधळा म्हणतेस?" असं एकदा म्हणाले. मी परत विषय काढला नाही.

त्या दिवशी जेवताना भाऊजी म्हणाले, "दादा, आपण सल्लागार आणू."

भाऊजी म्हणजे माझे दीर. लाकूड भरणं आणि माल पोचवणं त्यांच्याकडे. यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. यांच्यापुढे बोलायचं तर ते ताटात बघूनच बोलतात.

"कशाचा सल्ला?" यांनी विचारलं.

"हेच. कच्ची का राहतात."

"म्हणजे बाहेरचा माणूस येऊन मला भट्टी शिकवणार."

"शिकवणार नाही. बघून सांगणार."

"तीन पिढ्या आम्ही काय शेण बघत होतो?"

पुढच्या चार दिवसांत भाऊजींनी दर जेवणाला तेच वाक्य म्हटलं. तेवढ्याच आवाजात, ताटात बघून. पाचव्या दिवशी हे वैतागून म्हणाले, "आण बाबा, आण. पण मला पटला तरच ठेवायचा." थकलेल्या माणसाचा होकार होता तो.

पहिला आला तो चारचाकीतून. एवढ्या उन्हात अंगात कोट. मी मनात त्याचं नाव कोटवाला ठेवून दिलं. त्यानं ओसरीवर बसून टॅबलेटवर चित्रं दाखवली. लांबच लांब भट्ट्या, पट्ट्यावरून पळणारी कौलं, पांढरे मोजे घातलेली माणसं. सहा महिने अभ्यास करावा लागेल म्हणाला, मग अहवाल, मग यंत्र. भाऊजींचे डोळे विस्फारले. हे पाय हलवत बसले होते. मी मोडकं कौल त्याच्यापुढे धरलं तर त्यानं मान डोलावली आणि रुमालानं हात पुसले. कौल त्यानं हातात घेतलंच नव्हतं. जाताना आवारात चिखल होता म्हणून मीच त्याला फळी टाकून दिली.

दुसरा यांच्या बहिणीच्या सासरचा ओळखीचा निघाला. गोड माणूस. आल्याबरोबर यांच्या पाया पडला. "तुमच्यासारखे हात आता राहिले नाहीत," म्हणाला. यांनी त्याला सगळं आवार हिंडून दाखवलं आणि पापडांची गोष्टही सांगितली. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मातीच्या ढिगातली चिमूट त्यानं बोटांत चोळली, वास घेतला आणि म्हणाला, "माती दगा देतेय, दादा. तुमचं काही चुकत नाही." भाऊजींनी विचारलं, लाकूड ओलं असेल का? म्हणाला, तेही आहेच. मी मुद्दाम विचारलं, वारा? म्हणाला, वहिनींनी नेमकं धरलं.

खोटं कशाला बोलू, मला तोच हवा होता. दोन दिवस येईल, मातीवर खापर फोडेल, वाळू मिसळायला सांगेल आणि जाईल. यांना कोणी बोट लावणार नाही. भट्टीचं काय होईल ते मी त्या दिवशी मनात येऊच दिलं नाही.

तिसऱ्या बाई होत्या. कुठल्याशा शाळेत मातीकाम शिकवून निवृत्त झालेल्या. बसनं आल्या आणि फाट्यापासून चालत आल्या. जड अंग, एक गुडघा आखडलेला, खांद्याला डब्याची पिशवी. आल्या आल्या पाणी मागितलं, दोन तांबे प्यायल्या आणि म्हणाल्या, "यंदाचं एक कौल द्या आणि दहा वर्षांपूर्वीचं एक द्या."

मी दोन्ही दिली. यंदाचं कौल त्यांनी तोंडापाशी नेलं आणि जीभ लावली. भाऊजी हसू दाबायला मागं वळले. बाईंनी ते माझ्यापुढे धरलं. "लावा." मी लावली. जीभ चिकटली, ओढून काढावी लागली. जुन्या कौलाला चिकटली नाही.

"कच्चं आहे म्हणून पाणी ओढतं," बाई म्हणाल्या. "का कच्चं आहे ते मला आज सांगता येणार नाही. एक भट्टी पेटवल्यापासून लिंपेपर्यंत बसून बघीन. मगच बोलीन."

"माती बघत नाही का?" यांनी विचारलं.

"बघीन. सगळंच बघीन. लाकडाच्या भट्टीवर माझं काम कमी झालंय, हेही सांगून ठेवते. आणि एक विचारायचं आहे." त्या गुडघा चोळत होत्या. "मी सांगेन ते तुम्हाला आवडलं नाही तर तुम्ही काय करणार?"

मी पदरानं मान पुसली. ऊन तेवढंच होतं, पण मला घाम फुटला होता.

भाऊजींनी कोटवाल्याचं कार्ड फडताळात ठेवून दिलं. त्याचा अहवाल येईपर्यंत हंगाम संपणार होता, हे त्यांनाही कळत होतं. उरले दोघे. हे म्हणाले गोड माणूस घ्यायचा, भाऊजी म्हणाले बाई. दोघं दोन टोकांना बसले, आणि हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग. घरात तिसरं माणूस तूच." माझं उत्तर काय येणार याची यांना खात्री होती. अकरा वर्षांची खात्री.

मी उद्या सांगते म्हटलं. दोन्ही सल्लागारांनी आधी जिथं काम केलं होतं तिथले नंबर दिले होते. दुपारी हे झोपल्यावर मी गोठ्याच्या मागं जाऊन फोन लावले.

गोड माणसाच्या ठिकाणचा मालक म्हणाला, "माणूस एकदम गोड."

"आणि माल?"

"माणूस फार गोड आहे हो."

"माल कसा निघाला नंतर?"

"आता काय सांगू," तो म्हणाला, "आम्ही भट्टी बंद केली."

बाईंच्या ठिकाणी एक वीटवाला होता. बाईंचं नाव काढताच तो करवादला. "भयंकर कटकटी बाई. माझ्या सख्ख्या मेव्हण्याला चारचौघांत म्हणाली, तुम्हाला आग लावता येत नाही. मेव्हणा वर्षभर आमच्याकडे जेवला नाही."

"आणि विटा?"

"विटा वाजतात," म्हणाला.

मी फोन हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाई आल्या तर झरोक्यापाशी बसणार. बसल्या तर सगळं त्यांच्यापुढे उघडं पडणार, यांचे डोळेही आणि माझं हो म्हणणंही. नाही आल्या तर चौथी भट्टी कच्ची निघणार आणि आपलं आवार शेजारच्यासारखं होणार. मला दोन्ही नको होतं. तिसरं काही तिथं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बाईंना बोलवा."

यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग उठून चपला शोधू लागले. चपला पायापाशीच होत्या.

भट्टी रचायला चार दिवस गेले. कौलं उभी लावायची, मध्ये बोटभर फट ठेवायची, वरून फुटक्या कौलांचा थर द्यायचा आणि मातीनं झाकायचं. बाई आल्या आणि खोक्यातून करंगळीएवढे तीन मातीचे सुळके काढले. म्हणाल्या, "ठरावीक आच लागली की हा पहिला वाकतो, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्यानं मान टाकली की तुमची कौलं झाली. तिसरा वाकू द्यायचा नाही." यांनीच ते सुळके चिखलाच्या गोळ्यात रोवले, आत हात घालून झरोक्याच्या समोर ठेवले, चाचपून सरळ केले. यांचे हात अजून तसेच आहेत, मापात काडीचाही फरक नाही.

मग पेटवलं. पहिला दिवस धूर, दुसरा दिवस धग. भाऊजी आणि मी आळीपाळीनं लाकूड सरकवत होतो. हातावरची लव जळून गेली होती. घाम अंगावरच सुकायचा आणि मीठ राहायचं. बाई झाडाखाली खाट टाकून बसल्या होत्या. कोण किती लाकूड घालतं, कोण कुठं उभं राहतं, एवढंच वहीत लिहीत होत्या. डबा स्वतःचा खायच्या. दोन दिवसांत त्यांनी एकही शब्द सुनावला नाही, त्यामुळे हे जरा सैलावले. एकदा तर त्यांना पापडांची गोष्ट सांगायला लागले. बाई हसल्या नाहीत. "किती वाकली होती?" एवढं विचारलं.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या वेळी यांनी झरोक्यापुढे ओलं पोतं धरलं, बूच काढलं आणि पोत्याखाली डोकं घातलं. बराच वेळ बघितलं. बाहेर आले तेव्हा कपाळ तांबडं झालं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पिकला," म्हणाले. "घ्या लिंपायला."

भाऊजींनी चिखलाचं घमेलं ओढलं. बाई खाटेवरून उठून जवळ आल्या.

"दुसरं कोण बघतं?"

"ही," हे म्हणाले. "बघ गं."

मी पोत्याखाली गेले. धग तोंडावर आपटली. आत लाल होतं, पिकलेल्या मिरचीसारखं लाल. आणि समोर, हातभर अंतरावर, तिन्ही सुळके ताठ उभे. मला फक्त बाहेर येऊन हो म्हणायचं होतं. तेवढंच मी करत आले होते. बाहेर यांच्या चपलांचा आवाज येत होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

मी बाहेर आले. "लाल आहे," म्हटलं. "अजून खूप लाल आहे. तिन्ही सुळके उभे आहेत."

"कुठले सुळके?" हे म्हणाले.

भाऊजींच्या बोटांतून चिखल गळत होता. यांचा हात हवेत, सुळके रोवताना धरला होता तसा वर आला आणि तिथंच राहिला. आपण काय बोलून गेलो ते यांच्या तोंडावर हळूहळू येताना मी बघितलं. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही, आणि ती माझी स्वतःची होती. हे लाकडाच्या ढिगापर्यंत गेले, हातानं चाचपून बसले आणि पाठ फिरवली.

"लाकूड घाला," बाई भाऊजींना हलकेच म्हणाल्या. "अजून पाच तास तरी."

पाच नाही, साडेपाच लागले. दुसऱ्या सुळक्यानं मान टाकली तेव्हा आम्ही तोंडं लिंपली.

जाताना बाई यांच्याजवळ उभ्या राहिल्या. "माती चांगली आहे," म्हणाल्या. "लाकूडही ठीक आहे. तुम्ही पाच तास लवकर थांबता. मोतीबिंदू असेल, त्यानं सगळं पिवळट दिसतं. साधं काम आहे, करून घ्या." फी घेतली आणि फाट्याकडे चालू लागल्या. मी पिशवी धरायला गेले तर म्हणाल्या, "तुम्हाला कधीपासून दिसत होतं?" मी म्हटलं, पहिल्या भट्टीपासून. त्यांनी मान हलवली आणि पिशवी माझ्याकडून काढून घेतली.

चार दिवसांनी भट्टी निवली. हे सगळ्यांच्या आधी जाऊन एकेक कौल काढून वाजवत बसले. खण. खण. खण. मी चहा ठेवला तो गार झाला. शाकारणारा आला, त्यानं एका कौलावर उभं राहून बघितलं, दोन उड्या मारल्या आणि माल भरायला घेतला. आवार वाचलं.

तो गेल्यावर हे म्हणाले, "किती भट्ट्या?"

"काय किती?"

"लाल दिसत असताना हो म्हणालीस त्या."

"तीन."

"मला सांगायचं होतंस."

"ऐकलं असतं?"

हे विचार करत होते. खरंच करत होते. "नसतं," म्हणाले. मग म्हणाले, "पण तू म्हणायला हवं होतंस."

पावसाळ्यात एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याला अजून वेळ आहे. पाहुण्यांना पापडांची गोष्ट सांगणं बंद झालं. मला ते बरं वाटायला हवं होतं, पण यांनी त्याबरोबर बाकीचंही बोलणं कमी केलं. नव्या हंगामाची पहिली भट्टी पेटली तेव्हा हे लाकडाच्या ढिगावर बसून होते. डॉक्टरांनी धगीजवळ जायला मनाई केली आहे. म्हणून आता पहिली मी बघते आणि दुसरे भाऊजी.

तिसऱ्या दिवशी रात्री यांनी ढिगावरून विचारलं, "रंग?"

"पिकला," मी म्हटलं. "दुसरा सुळका वाकलाय."

"खरं सांगतेस?"

त्या एका प्रश्नात तिन्ही भट्ट्या होत्या. हा प्रश्न आता आयुष्यभर येणार, हे मला तेव्हाच कळलं.

"खरं," मी म्हटलं.

भाऊजींनी पोत्याखाली डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. दिवसभराचं थकलेलं माणूस. घमेल्याकडे हात नेत म्हणाले, "हो वहिनी, बरोबर आहे."

मी घमेलं पायानं मागं सारलं.

"भाऊजी, मला हो नको," मी म्हटलं. "परत जा आणि नीट बघा. मग मला विचारू नका, माझ्या तोंडाकडे बघू नका, काय दिसतं ते सांगा."

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले, मग निमूटपणे पोत्याखाली गेले. या वेळी बराच वेळ आत राहिले. मी ढिगाकडे वळून बघितलं नाही. पण हे उठल्याचं, चाचपत माझ्या शेजारी येऊन उभं राहिल्याचं मला कळलं. भाऊजींच्या उत्तराची वाट बघत हे खाली वाकले आणि दोन्ही हात चिखलात घातले.